काचेतली तिसरी प्लेट

निळेमामांचं आडनाव निळे नव्हतं आणि ते कुणाचे सख्खे मामाही नव्हते. चाळीस वर्षं लोखंडाला निळा रंग फासून त्यांच्या दहाही बोटांची टोकं निळी झाली होती. साबण, रॉकेल, लिंबू यांपैकी कशालाच ती दाद देत नसत. कारखान्यातल्या कुणा टवाळाने हे नाव ठेवलं आणि ते रंगासारखंच चिकटलं. घरी बायकोने त्यांचा टॉवेल कायमचा वेगळा काढला होता. "यांची ओळख पटवायला कागदपत्रं लागणार नाहीत," असं ती शेजारणींना सांगे, "हात दाखवला की झालं."

त्यांचं काम म्हणजे सपाट करणं. यंत्राचं ओतीव अंग कितीही तासलं तरी पुरतं सपाट होत नाही. केसाच्या दहाव्या हिश्शाएवढे उंचवटे त्यात राहतातच. मग निळा रंग लावलेली प्लेट त्यावर घासायची. उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उमटतो. तो धारदार हत्याराने अलगद खरवडायचा. पुन्हा घासायचं, पुन्हा खरवडायचं. एकेका अंगाला आठवडा लागे, आणि त्या आठवड्यात मामा कुणाशी फारसं बोलत नसत.

पण मुळात सपाट कशाला म्हणायचं, हे ठरवणारी चीज कारखान्याच्या कोपऱ्यात, एका लाकडी पेटीत होती. मामांच्या वस्तादांनी घडवलेल्या तीन लोखंडी प्लेटा. हातभर लांब, हातभर रुंद, दोन्ही बाजूंना मुठी. वस्तादांचं वाक्य मामांना पाठ होतं: "दोन प्लेटा एकमेकींना पटल्या म्हणजे त्या सपाट झाल्या असं समजू नकोस. एक जरा खोलगट असेल आणि दुसरी तिच्यात बसेल एवढी फुगीर, तरी दोघींचं झकास जमतं. दोन लबाडांचं जमतं तसं. तिसरी आली की बिंग फुटतं." म्हणून दर तीन महिन्यांनी पहिलीवर दुसरी, दुसरीवर तिसरी आणि तिसरीवर पहिली घासून बघायची, असा कारखान्याचा नेम होता.

शेजारशेजारच्या तीन शहरांचा उद्योग या पेटीवर उभा होता. एका शहरात लोखंड ओतलं जाई, मधल्यात, म्हणजे मामांच्या शहरात, त्याला अंग येई आणि तिसऱ्यात यंत्राची जुळणी होई. तिन्हीकडचे कारागीर आपापली सरळपट्टी मामांकडून तपासून नेत. हे कुठेही लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नसतं ते उचलून न्यायला सोपं जातं.

तिन्ही शहरांचा मिळून एक उद्योगपट्टा जाहीर झाला आणि हमरस्त्याच्या कडेला नवोन्मेष केंद्राची काचेची इमारत उभी राहिली. मामांची थोरली लेक तिथे मोजमाप विभागात लागली. लेकीच्या गळ्यातलं ओळखपत्र मामांनी पहिल्या दिवशी उलटसुलट करून पाहिलं, आणि आपल्या बोटांचा रंग त्याला लागला तर नाही ना, म्हणून ते पुन्हा पुसून दिलं.

उद्घाटनाच्या आधी केंद्राचे संचालक कारखान्यात आले. पेटी उघडून बघताच ते हरखून गेले.

"मामा, यातली एक आम्ही नेतो. दर्शनी दालनात काचेत ठेवू. लोकांना कळू दे आपला वारसा."

"साहेब, त्या तीन आहेत."

"तेच म्हणतोय मी. एकसारख्या तीन आहेत. दोन तुम्हाला उरतातच."

"तिवईचा एक पाय नेला तरी दोन उरतातच, साहेब."

"वा," संचालक म्हणाले. त्यांनी सोबतच्या बाईंना ते वाक्य टिपून घ्यायला सांगितलं.

केंद्राच्या मान्यताप्राप्त कारखान्यांची यादी त्याच आठवड्यात निघायची होती, त्यामुळे कारखान्याचे मालक खाली मान घालून उभे राहिले. मामा अडून बसले असते, पण संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, आमच्याकडे दगडी टेबलावरचं मोजयंत्र आलंय. तुम्हाला शंका आली तर मी तपासून देईन की." लेकीच्या शब्दाला नाही कसं म्हणायचं? मामांनी स्वतः मुठीला धरून तिसरी प्लेट गाडीत ठेवली. पुढचं वर्षभर ते पहिलीवर दुसरी आणि दुसरीवर पहिली घासत राहिले. दोघींचं झकास जमत होतं. आणि मोजून दे म्हणून लेकीला सांगायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं. चाळीस वर्षांचा कारागीर आपल्याच पोरीकडे परीक्षेला बसत नाही.

वर्षभराने तिसऱ्या शहरातून ओरड सुरू झाली. जुळणी करताना यंत्रांची अंगं डुगडुगत होती. केंद्राने मामांच्या हातची चार अंगं दगडी टेबलावर मोजली आणि अहवाल काढला: दोष हाती कामाचा आहे, तिन्ही शहरांच्या यादीतून हाताने सपाटी करण्याचं काम वगळावं. असे अकरा कारागीर होते. त्यांच्यातले नऊ मामांच्या हाताखाली शिकलेले. अहवालाखाली सही लेकीची होती.

त्या रात्री जेवताना लेकीनेच विषय काढला.

"यंत्राने दाखवलं तेच मी लिहिलं, बाबा," ती म्हणाली.

"यंत्र कशावर उभं आहे?"

"दगडावर."

"आणि दगड सपाट आहे हे कुणी सांगितलं?"

"त्याचं प्रमाणपत्र आहे. उद्घाटनाच्या आधीचं."

"माझाही जन्मदाखला आहे. आज माझी पाठ किती वाकलीय, ते त्यात लिहिलेलं नाही."

"मग तुमच्या प्लेटा तरी बरोबर आहेत कशावरून?" लेकीने विचारलं.

बायकोने आमटी वाढता वाढता दोघांकडे पाहिलं. "तुम्ही म्हणता मी खरा, ती म्हणते मी खरी. तुमच्याच धंद्यात म्हणतात ना, दोघांचं सोडवायला तिसरा लागतो? तो घरात बसून मिळणार नाही. निमूट जेवा आणि उद्या जाऊन आणा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा आपली पहिली प्लेट आणि हातभराची सरळपट्टी मालकांच्या टेंपोत घालून केंद्रावर गेले. दर्शनी दालनात दिव्यांच्या झोतात तिसरी प्लेट ठेवली होती. काचेवरच्या फलकावर लिहिलं होतं: 'तिवईचा एक पाय नेला तरी दोन उरतातच. एका कारागिराचा जीवनविश्वास.'

लेकीने किल्ली आणून काच उघडली. मामांनी प्लेटेवरून बोट फिरवलं आणि ते थबकले. प्लेट चकाकावी म्हणून तिला वॉर्निश फासलं होतं. एवढ्यावर भागलं नव्हतं. पितळी नावपट्टी बसवायला कुणीतरी तिच्या घासायच्या तोंडावरच, भर मध्यावर, दोन भोकं पाडून स्क्रू पिळले होते.

वस्तादांनी या प्लेटेवर उघडा तळवा कधी टेकवू दिला नव्हता. हाताच्या उबेने लोखंड फुगतं म्हणून. मामांची कानशिलं तापली. पण ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी स्क्रू काढले, नावपट्टी काचेत परत ठेवली, वॉर्निश थिनरने उतरवलं आणि भोकांच्या उठलेल्या कडा बोटाने चाचपत खरवडून काढल्या. भोकाने सपाटी जात नाही, त्याच्या उठलेल्या कडांनी जाते, हे त्यांनी लेकीला सांगितलं. या कामात दुपार उलटून गेली. येणारे जाणारे थांबून मोबाइलवर फोटो काढत होते.

मग त्यांनी सरळपट्टी, वर्षभर न घासल्यामुळे न बिघडलेल्या तिसरीवर ताडून घेतली आणि ती घेऊन दगडी टेबलाकडे गेले. पांढऱ्या कोटातले लोक "रंग नको, रंग नको" म्हणत पुढे आले. तोवर लेकीनेच निळ्या रंगाचं फडकं दगडावर पुसटसं फिरवलं होतं. पट्टी एका तिरप्या रेषेत टेकवली, तर तिच्या फक्त टोकांना निळा लागला. दुसऱ्या तिरप्या रेषेत फक्त मध्यभागी लागला.

"दगड पिळलाय," मामा म्हणाले.

लेक गुडघ्यांवर बसून टेबलाखाली पाहू लागली. असा दगड तीन टेकूंवर ठेवायचा असतो, म्हणजे तो आपसूक स्थिरावतो. इथे एका कोपऱ्यात चौथा टेकू घट्ट ठोकलेला होता.

"हा कुणी घातला?"

तेवढ्यात संचालक आले. "मीच सांगितलं होतं. उद्घाटनाला मोठी माणसं येणार होती. तीन पायांवर एवढा दगड बघून त्यांना असुरक्षित वाटलं असतं."

तेच निळं फडकं मामांनी आपल्या पहिल्या प्लेटेवर फिरवलं आणि पट्टी टेकवली. निळा फक्त मध्ये उमटला. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझीही फुगलीय. वर्षभर मी दोनच घासत होतो. वस्तादांनी सांगून ठेवलं होतं, तरीसुद्धा. अंगं डुगडुगली ती माझ्यामुळे. अगं, लिहून घे हे."

लेकीने लिहून घेतलं. त्याखाली तिने दगडाचंही लिहिलं, चौथ्या टेकूसकट.

"दोन्ही लिहायची गरज नाही," संचालक मऊ आवाजात म्हणाले. "मामांची चूक त्यांनी मोठ्या मनाने कबूल केलीच आहे. विषय संपला."

"त्यांच्या चुकीवर मी सही केली, तेव्हा विषय संपला नव्हता, सर. अकरा जणांचं काम गेलं तेव्हाही नाही."

संचालक मामांकडे वळले. "बरं, तपासणी झाली. आता ती प्लेट परत काचेत ठेवून द्या. परवा पाहुणे येताहेत. त्यांना मी काय दाखवू?"

"काच दाखवा, साहेब," मामा म्हणाले. "ती नवीनच आहे."

प्लेटेला दोन मुठी होत्या. एक मामांनी धरली, दुसरी लेकीने. आडवं यायला कुणी पुढे झालं नाही.

पुढे दोन आठवडे कारखान्यात पहिलीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, तिसरीवर पहिली असं चाललं होतं. सुट्टीच्या दिवशी लेकही येऊन बसे. डुगडुगणारी अंगं मामांनी परत मागवून फुकट खरवडून दिली. केंद्रातला चौथा टेकू एके दिवशी गुपचूप निघाला. यादीत हाती काम पुन्हा आलं. का गेलं होतं आणि का आलं, याबद्दल एक ओळ नाही. लेकीचा दुसरा अहवाल अजून 'विचाराधीन' आहे. त्यात दोन चुका लिहिल्या आहेत. त्यांतली एक मामांची आहे आणि तेवढीच तिन्ही शहरांत सर्वांना ठाऊक आहे, कारण ती त्यांनी स्वतः सांगितली.