न ओढलेली वायर

टेकडीवरच्या पंपघरात जो राखणदार होता त्याला सगळेच दाजी म्हणत. शहरातल्या ऑफिसात बसणारा त्यांचा मेहुणा त्यांना दाजी म्हणे, आणि ही नोकरीही त्याच्याच शब्दावर लागलेली. काम काय, तर पंपघर झाडायचं, उंदीर हाकलायचे आणि कोपऱ्यातला कॉम्प्युटर मुका झाला की त्याचं बटण दाबायचं. पंप कॉम्प्युटरचं ऐके, कॉम्प्युटर मेहुण्याचं. तो तिकडे खाली बसून इथला पंप चालू-बंद करी. दाजींचं ऐकणारं त्या टेकडीवर काहीच नव्हतं. वारासुद्धा त्यांनी झाडलेला पाचोळा मागे वळून परत दारात आणून टाकी.

पण पंपघराला लागून एक खोली होती, आणि ती नोकरीबरोबर मिळाली होती. उभं आयुष्य गवंड्याच्या हाताखाली गेलेलं. दाजी आणि त्यांची बायको लोकांच्या अर्धवट घरांत राहिले. भिंतीला रंग लागला की उठायचं, पुढच्या विटांकडे जायचं. आता पहिल्यांदाच दार आपल्या हाताने लावायला मिळत होतं. सुरुवातीला दाजी उगाच उठून ते लावून बघत.

त्या दुपारी दोघं जेवायला बसली होती. फोन वाजला. हात खरकटे होते, म्हणून बायकोने कोपराने स्पीकर लावला.

"दाजी, ताट सोडा आणि पळा. कॉम्प्युटर मेलाय."

"सकाळी तर धडधाकट होता."

"मीच मारला हो." मेहुणा हसला. "बाहेरचा कुणी शिरू नये म्हणून त्याची सगळी दारं लावली, आणि मी ज्या दाराने जातो तेही लावून बसलो. आता इथून कितीही हाका मारल्या तरी तो ओ देत नाही. पंप बंद, खाली टाक्या कोरड्या. साहेबाला कळलं तर माझी कातडी सोलेल. कुणापाशी बोलू नका."

"खुळाच आहे माझा भाऊ," बायको कौतुकाने म्हणाली आणि हात पुसून, फोन घेऊन नवऱ्यामागे पंपघरात गेली.

दाजींनी बटण दाबून धरलं. पंखा थांबला, परत फिरला. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ लुकलुकू लागली. इंग्रजी दाजींच्या वाटेला कधी आलंच नव्हतं, म्हणून त्यांनी आणि मेहुण्याने मिळून अक्षरांना आपली नावं पाडली होती.

"दाबा. साप," फोनमधून मेहुणा म्हणाला.

"दाबला."

"हातोडा. तंबू. पाय पुढे टाकलेला माणूस. परत हातोडा."

"जरा दमानं घे. तंबू सापडेना."

"सापाच्या डावीकडे! डोळे आहेत की बटणं? कुणी ऐकलं तर म्हणेल मेहुणा दाजींना सर्कशीत धाडतोय."

दाजीही हसले. शेवटचं लांबडं बटण दाबलं, आणि जमिनीखालून हुंकार आला. पंप उठला. पाइपातून पाणी उतरू लागलं, तशी दाजींच्या तळपायाला गुदगुली झाली. फोन टेबलावर उघडाच होता. त्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग साहेबाचा.

"काय झालं होतं? अर्धं शहर माझ्या नावाने बोंबलतंय."

"साहेब, तिकडचा माणूस," मेहुणा म्हणाला. "झाडताना वायर ओढली."

"कोण आहे तो?"

"आमच्या बहिणीचा नवरा. कितीदा सांगितलं. दगडाला सांगितलं असतं तर समजलं असतं."

"मग दगड ठेवा, त्याला पगार लागत नाही. फोनवर आहे का तो? काय हो, वायर तुम्ही ओढली?"

दाजींनी तोंड उघडलं. बायकोने त्यांचं मनगट धरलं. तिची बोटं थंडगार होती.

"हो म्हणा," ती कुजबुजली.

"अगं, तूच ऐकलंस ना आत्ता..."

"ऐकलं. त्याची नोकरी गेली तर तो रस्त्यावर येईल. तुम्हाला सवय आहे."

इतकी वर्षं ती विटांच्या ढिगाशेजारी चूल मांडत आली होती, आणि दाजींना वाटलं होतं की सवय दोघांना झालीय.

"ओढली," ते म्हणाले.

"मोठ्याने बोला. इथे सगळ्यांना ऐकू द्या."

"मी ओढली साहेब. चुकलं."

पलीकडे चार-सहा जणं हसली. "महिनाअखेर खोली रिकामी," साहेब म्हणाला, आणि त्याची पावलं लांब गेली.

फोन चालूच होता. दाजी वाट बघत राहिले. निदान एक शब्द तरी येईल. मेहुण्याचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. मग बायकोने वाकून फोन उचलला.

"सकाळपासून काही खाल्लंस का रे?"

"कुठलं ताई. या माणसापायी सगळा दिवस गेला."

"बस, आधी खाऊन घे," ती म्हणाली.