मंथनचा हसरा फोटो

निपाणीत पद्मराज अण्णांचं खत-बियाणांचं दुकान. गल्ल्यावर त्यांचा धाकटा मुलगा वृषभ बसायचा. गिऱ्हाईक नसलं की त्याचं डोकं मोबाइलात. पोरगं तंबाखूचा दर बघत असेल, असं अण्णांना वाटायचं. वृषभ बघत असायचा कोर्टाच्या बातम्या. पुरुषाचं पुरुषावर, बाईचं बाईवर प्रेम असलं तर कायदा काय म्हणतो, कुणाला घरच्यांनी हाकललं, कुणी दाद मागितली, हे सगळं इंग्रजीतून सोप्या मराठीत आणून तो 'सीमावासी' या टोपणनावानं ब्लॉगवर लिहायचा. तो स्वतःही त्यांच्यातलाच होता. घरात मात्र कुणाला याचा पत्ता नव्हता.

असे लिहिणारे आणखीही होते. पुण्यात एक, नागपुरात एक, बेळगावात कन्नडमधून लिहिणारी रक्षा. एकमेकांच्या बातम्या तपासायच्या, चांगली असेल ती आपल्याकडंही लावायची, असा त्यांचा रिवाज.

२०२३च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायचं नाकारलं. त्यानंतरच्या रविवारी बेळगावात दहाबारा जण हातात पुठ्ठ्याचे फलक घेऊन उभे राहिले. बातमीसाठी वृषभ गेला होता. शहरातल्याच वडगावच्या विणकराच्या घरातला मंथन तिथं त्याला भेटला.

"माझा फोटो पाठमोराच काढ," मंथन म्हणाला. "घरात सांगितलेलं न्हाय."

वृषभनं पाठमोरा काढला. पण नंतर कुणाच्या तरी बोलण्यावर मंथन वळून मनमोकळं हसला, आणि तेही त्यानं टिपलं. परतताना एसटीत त्यानं दोन्ही फोटो पुन्हापुन्हा पाहिले. पाठमोऱ्यात नुसता शर्ट दिसत होता. हसऱ्यात बातमी जिवंत झाली होती. आपला ब्लॉग वडगावात कोण वाचतंय, असं मनाशी म्हणत त्यानं हसराच लावला. परवानगी घेतलीस ना, असं नागपूरवाल्यानं विचारलं, तेव्हा 'हो' असं लिहूनही टाकलं. मग सगळ्यांनीच तो फोटो उचलला. इतकी वाचली गेलेली त्याची ती पहिलीच बातमी. दोन दिवस तो खुशीत होता.

मग रक्षाचा फोन आला. फोटो वडगावातल्या मोबाइलांवर फिरला होता. मंथनच्या वडिलांनी, यमनाप्पांनी, पोराचे कपडे रस्त्यावर फेकले होते. मंथन इचलकरंजीला एका यंत्रमागाच्या कारखान्यात लागला होता आणि तिथंच झोपत होता.

वृषभनं फोटो काढून टाकला. परवानगी नव्हती, मी खोटं बोललो, असं प्रत्येकाला लिहून कळवलं. सगळ्यांनी फोटो उतरवला, पण नागपूरवाल्यानं त्याच्या बातम्या घेणं बंद केलं. वृषभला ते बरोबरच वाटलं. आपण टोपणनावाआड बसलो आणि दुसऱ्याचं तोंड उघडं केलं, हे त्याला घास गिळताना आठवायचं.

तो इचलकरंजीला गेला. कारखान्याबाहेर मंथन त्याच्याशी उभ्याउभ्याच बोलला. मी पण आता माझ्या नावानं, माझ्या फोटोसकट लिहितो, असं वृषभ म्हणाला.

"तू नाव सांगितलंस म्हणून मला घर परत मिळतंय व्हय रं?" मंथनचा आवाज चढला नाही. "काय करायचंच असेल तर आईकडं जा. बाबांच्या भीतीनं ती माझा फोन घेत न्हाय. मी जेवतोय, बरा हाय, एवढं तिला सांग."

यमनाप्पा घरी नसतील अशी वेळ बघून वृषभ वडगावला गेला. मंथनची आई यल्लव्वा दारात चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत बसल्या होत्या. त्यानं निरोप सांगितला. त्यांनी चाक थांबवलं. तू कोण त्याचा, असं विचारलं. मित्र म्हणून सुटता आलं असतं.

"तो फोटो मीच लावला, आक्का. त्यानं नको म्हटलेलं. मी पण त्याच्यासारखाच हाय."

आता हाकलतील, असं त्याला वाटलं. हाकललं असतं तर त्याला जरा हलकं वाटलं असतं.

"तुझ्या आईला म्हाईत हाय?"

"न्हाय."

"मला शेजारणीनं मोबाइलात दाखवलं," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला असं कळू देऊ नको. तू सांग." आणि त्या पुन्हा चाक फिरवायला लागल्या. पाणी घे असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्याच आठवड्यात, अण्णा चिकोडीला गेले असताना, वृषभनं आईला सांगितलं. अण्णांना आत्ताच बोलू नको, एवढंच प्रेमलाबाई म्हणाल्या, आणि नंतर पुष्कळ दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या.

दिवाळीनंतर यल्लव्वा बाजाराचं निमित्त काढून इचलकरंजीला जाऊन आल्या, हे त्याला रक्षाकडून कळलं. यमनाप्पांनी अजून पोराचं नाव काढलेलं नाही. मंथननंही वृषभला पुन्हा फोन केला नाही. वृषभ लिहितो अजून, आता स्वतःच्या नावानं; अण्णांना कुणी मोबाइलात दाखवायच्या आत आपणच सांगायचं, असं त्यानं ठरवलंय. मोर्चाच्या बातम्या मात्र तो रक्षाला लिहायला सांगतो. कॅमेरा हातात घेतला की कुणी वळून मनमोकळं हसेल, याचीच त्याला धास्ती वाटते.