मंडपाच्या वानरास सुरतेस नेले त्याची हकिकत

पॅसेंजरने आमचे स्टेशन सोडले तेव्हा माझ्या मांडीवर धुवट धोतरात गुंडाळलेला एक लाकडी वानर होता आणि त्याच्या पाठीतून पिठासारखा भुसा माझ्या कोटावर गळत होता. प्रत्येक धक्क्यासरशी मी गुंडाळी उचलून धरी. सुरतेस पोचेपर्यंत वानरापैकी काही शिल्लक राहील की नाही, याची मला खात्री नव्हती.

ज्या वाचकांनी आमच्या गावचा मंडप पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी खुलासा करणे मी माझे कर्तव्य समजतो. तापीकाठच्या आमच्या गावी मारुतीच्या देवळापुढे जुना सागवानी मंडप आहे. त्याच्या प्रत्येक खांबावर, हात पोचेल अशा उंचीवर, एकेक वानर कोरलेला आहे. कोणी फळ खातो, कोणी शेपटी धरून बसला आहे, एकाने दोन्ही हात जोडले आहेत. ही मारुतीची सेना, अशी गावाची श्रद्धा असून दर शनिवारी मारुतीबरोबर सेनेलाही तेल मिळते. सुरतेस पोट भरायला निघालेला माणूस वानराच्या पायाला हात लावूनच स्टेशनकडे वळतो. हा मंडप किडीने आतून पोखरला गेला. गेल्या पावसाळ्यात हात जोडलेला वानर खांबापासून सुटून खाली आला आणि पाठोपाठ मंडप धोकादायक ठरवून उतरवण्याची सरकारी नोटीस आली.

नोटिशीविरुद्ध हरकतीचा अर्ज मी लिहिला. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून मी आजवर असंख्य अर्ज लिहिले आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले, तरी माझ्या मसुद्यात खोट काढणारा अव्वल कारकून मला अद्याप भेटलेला नाही. मात्र अर्जदार नेहमी दुसरा कोणी असे. या खेपेस खाली माझी स्वतःची सही होती, आणि वर मी असे लिहून बसलो होतो की, पोखरलेले लाकूड जागच्या जागी भक्कम करण्याची नवी पद्धत सुरतेस निघाली असून तिचा खर्च सोसणारे दातेही तयार आहेत. पद्धतीविषयी मी ऐकले होते. दाते तयार व्हायचे होते. सुनावणी संक्रांतीनंतर होती.

सुरतेजवळच्या इच्छापोरच्या एका रसायन कारखान्याचे मालक हसमुखभाई यांना मी पत्र घातले होते, त्यांच्याकडून नंतर निरोप आला. नमुना आणा, पटला तर सगळ्या मंडपाचा खर्च मी करीन. अट एकच, नमुन्याला महिनाभर तेल-पाणी लागता कामा नये. मी वानराचा शेंदूर हलक्या हाताने खरवडला आणि महिनाभर त्याला माझ्या माळवदावर ऊन दाखवले. कोणत्या अर्जाला कोणते जोडपत्र कसे लावावे, हे मला कोणी शिकवायला नको.

नंदुरबारला एक म्हातारी टोपली घेऊन समोर बसली. माझ्या मांडीकडे पाहून म्हणाली, "लेकरू बिमार शे का भाऊ?" (आजारी आहे का?)

"आजारीच आहे. सुरतेला दाखवायला नेतोय."

तिने मायेने गुंडाळीला हात लावला आणि दचकून मागे घेतला. "आंग तं लाकडासारखं शे!"

मला धोतराचा पदर दूर करून दाखवावे लागले. वानराचे जोडलेले हात पाहताच तिनेही आपले हात जोडले आणि नवापूर मागे पडेपर्यंत माझ्याशी अदबीने बोलत राहिली. बाहेर डोंगर संपले, ऊस लागला, स्टेशनांवरच्या पाट्या गुजराती झाल्या. मला त्यांतील काहीच रुचेना.

सुरतेच्या अलीकडच्या उधन्याला उतरून रिक्षाने लिंबायतची कामगार वस्ती गाठली. प्लेगच्या साथीच्या वर्षानंतर सुरत झाडूनपुसून लख्ख केली असे ऐकले होते, आणि गल्लीतही झाडूवाले खरोखर दिसले. तरीही घरून दिलेली कापराची पुडी मी खिशात चाचपून पाहिली. माझी मावसबहीण अक्का दारातच उभी होती. शेजारच्या लूमच्या (यंत्रमागाच्या) खडखडाटात तिला ओरडूनच बोलावे लागे.

"भाऊ, तू उना आनि वानरले बी लई उना!" (तू आलास आणि वानरालाही घेऊन आलास!)

"अक्का, याला कोणी हात लावायचा नाही. तेल तर मुळीच नाही."

"बरं बाबा, नही लावत."

वानराला फळीवर ठेवून, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेवभाजी खाऊन मी हसमुखभाईंना फोन करण्यास नाक्यावर गेलो. फोनच्या टपरीवर रांग मोठी होती. त्या दिवशी वार कोणता होता, याचा विचार गाडीत बसताना मी केला नव्हता, आणि रांगेतही केला नाही.

परतलो तो गल्लीच्या तोंडाशीच तेलाचा वास आला. अक्काच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. पाळी संपवून आलेले आमच्या गावचे लूम कामगार, अंगावर धाग्यांची लव तशीच घेऊन, ओळीने उभे होते. आत पाटावर माझा वानर शेंदराने लालभडक होऊन बसला होता आणि त्याच्या हनुवटीवरून तेल थेंबथेंब पडत होते.

"अक्का! शब्द दिला होतास!"

"मी नही लावं. मी फक्त दार उघडं," (मी नाही लावले, फक्त दार उघडले) ती शांतपणे म्हणाली.

वानराशेजारी आमच्या गावचा भिका बसला होता. त्याच्या हातात अजून वाटी होती. "आप्पा, किती वर्षं झाली, गावाकडे जाणं नाही. आज शनिवार, आणि देव आपल्या पायानं लिंबायतला आला. त्याला कोरडा ठेवू?"

"अरे, त्याला परीक्षेला बसवायचे आहे!"

"मग तर तेल पाहिजेच. परीक्षेच्या दिवशी पोराचं डोकं आम्ही कोरडं ठेवत नाही."

सगळे हसले. मी हसू शकलो नाही. माझी सही मला डोळ्यांपुढे दिसत होती.

रविवारभर मी बेसन चोळून तेल टिपत राहिलो. माझी अवस्था पाहून भिकाने मला संध्याकाळी बळेच नदीकाठी नेले आणि पोंक (कोवळ्या ज्वारीचा हुरडा) लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खायला घातला. पदार्थ उत्तम असावा. मला प्रत्येक घासाला गोडेतेलाचा वास येत होता.

सोमवारी हजिरा रस्त्याने इच्छापोरला गेलो. हसमुखभाई ठेंगणे, चपळ गृहस्थ असून बोलताना सतत चष्मा पुसतात. त्यांनी वानराला नाकाशी नेले. "आने तेल कोणे चोपड्युं?" (याला तेल कोणी फासले?)

"भक्तांनी."

"तो बिल भी भक्त लोगों को भेजूं?"

मी इतका गोरामोरा झालो की त्यांनाच माझी दया आली. म्हणाले, आलाच आहात तर पाहू.

ती पद्धत मी डोळ्यांनी पाहिली, ती अशी. वानराला काचेच्या झाकणाच्या पोलादी टाकीत ठेवतात. पंपाने टाकीतील हवा ओढतात, त्यासरशी लाकडातील हवाही बाहेर येते. मग मधाच्या रंगाची पातळ दवा सोडतात आणि हवेच्या रिकाम्या जागी लाकूड ती पिऊन घेते. खांब उभाच असेल, तर त्याला रबरी अंगरखा घालून हेच करता येते. काचेतून मी पाहिले. वानराच्या मोडक्या पाठीतून बुडबुडे उसळत होते. तेल मुरलेल्या तोंडावर मात्र दवेचे थेंब अळूच्या पानावरील पाण्यासारखे उभे राहिले आणि ओघळून गेले.

दवा आत घट्ट होईपर्यंत शुक्रवार उजाडला. हसमुखभाईंनी प्रथम वानराच्या पाठीवर हातोडी मारली. ठणठण आवाज आला, भुशाचा कणही पडला नाही. मग त्यांनी गालावर अंगठा दाबला आणि गाल त्यांच्या तळहातात आला.

"दवा चांगली आहे," ते मोडक्या मराठीत म्हणाले. "तुमची भक्ती तिच्यापेक्षा चिवट. बाकीच्या वानरांना तेल किती वेळा?"

"दर शनिवारी."

"केव्हापासून?"

महिनाभर कोरडे ठेवण्याची अट मी केवळ नमुन्याची समजलो होतो. ती साऱ्या मंडपाला लागू होते, हे तो गाल पाहेपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

"वरचे जुने तेल आम्ही काढू. पण एक वर्ष नवीन नको," हसमुखभाई म्हणाले. "तेल बंध करो, तो पैसा मारा (तेल बंद करा, तर पैसे माझे). पूर्ण मंडपाचा. पण आधी गावाने हो म्हटलं पाहिजे."

मी अक्काला सगळे सांगितले. मग तिने एक बाटली माझ्या पिशवीत ठेवली. लिंबायतमधल्या आमच्या गावच्या प्रत्येक घरातून तीत थोडेथोडे तेल आले होते. "हाई आधी लाव. बंद मंग कर." (हे आधी लाव, मग बंद कर.)

शनिवारी सकाळी मी गावी उतरलो. एका हातात वानर होता, दुसऱ्या हातात बाटली. सुरतेत पैसा आणि पद्धत, दोन्ही मिळाले होते. उरली होती ती संमती. सरकारकडे काहीही मागण्याचा नमुना मला पाठ आहे. आपल्याच माणसांकडे त्यांचा हात मागे घेण्याची मागणी कशी करावी, त्याचा मसुदा मला सुचत नव्हता.

मंडपात बाया वाट्या घेऊन उभ्या होत्या. सरळ गाभाऱ्यात गेलो आणि लिंबायतची सगळी बाटली मारुतीच्या दगडी मूर्तीवर रिकामी केली. दगडाला तेलाचे भय नाही. मग बाहेर येऊन सुरतेहून आणलेला वानर पायरीवर ठेवला, त्याची पाठ वाजवून दाखवली आणि गाल दाखवला.

"सेनेचे तेल वर्षभर सेनापतीला द्या," मी म्हणालो.

बायांत सर्वांत वडील माझी सोनाकाकू. तिने फळ खाणाऱ्या वानरावर बोट ठेवले. गेल्या शनिवारचे तेल केव्हाच सुकले होते. तिने बोट चोळून पाहिले.

"कोरडा लागतो रे."

"हो काकू. वर्षभर कोरडाच लागेल."

ती वाटी हातात धरून उभी राहिली. तिने ती वानरावर ओतली नाही. गाभाऱ्याकडेही अजून वळली नाही. मागच्या साऱ्या बाया तिच्या हाताकडे पाहत थांबल्या होत्या, आणि मीही.