अभिप्राय मागाहून

"चढे क्या?"

हा प्रश्न आमच्या दफ्तरात दिवसातून दहादा तरी ऐकू यायचा आणि विचारणारा एकच. कुणी सहज म्हणालं, की हिमालयासारखं सौंदर्य जगात नाही, की खिडकीजवळच्या मेजावरून चष्मा कपाळावर सरकायचा, ब्रश कानामागे खोचला जायचा आणि तोफ सुटायची, "चढे क्या? नाही ना? मग ते मत नाही भाऊसाब, ती नुसती तारीफ!"

हैदराबाद संस्थानाच्या नकाशांचं ते दफ्तर. मी तिथं नवा नवा चिकटलो, तेव्हा या प्रश्नकर्त्यांची तिथं पंचवीस वर्षं झाली होती. परभणीकडच्या शेतकरी घरातला माणूस, पण नकाशावरचे डोंगर काढावेत तर यांनीच. म्हणून सगळे त्यांना डोंगरसाब म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर असेल, मला विचारू नका.

डोंगरसाबांना एकच नाद होता. जगातला सगळ्यात सुंदर डोंगर कोणता, यावर गिर्यारोहकांची मतं गोळा करायची. त्यासाठी एक जाडजूड रजिस्टर केलं होतं. रकाने चार: नाव, डोंगर, चढला का, अभिप्राय. कुणा इंग्रजाला मॅटरहॉर्नशिवाय काही सुंदर दिसत नव्हतं. कुणी जर्मन सिक्कीममधल्या सिनिओल्चूवर जीव टाकून बसला होता. एका फ्रेंचानं लिहिलं होतं, की सुंदर डोंगर कसा ओळखावा, तर चढताना आपण त्याला शिव्या देतो आणि उतरल्यावर त्याच्याकडे वळून बघतो. त्यावर डोंगरसाबांनी तांबड्या शाईत शेरा मारला होता, 'अनुभवी माणूस दिसतो.'

आता तुम्ही विचाराल, स्वतः हे कशावर चढले होते? कशावरही नाही! चारमिनारच्या जिन्यात दुसऱ्या वळणाला यांना घेरी आली, ती दोघांनी धरून खाली आणलं तेव्हा उतरली. मौलाअलीच्या टेकडीलासुद्धा यांचा नमस्कार पायथ्यापासून. तेव्हा स्वतःच्याच कायद्यानं यांना मत नव्हतं. आम्ही मुद्दाम खोदून विचारायचो, "डोंगरसाब, तुमच्या मते कोणता हो?" तर हात जोडून म्हणायचे, "हक नहीं साब, हक नहीं." आणि असं म्हणताना चेहरा इतका खरोखरीच पडायचा, की विचारणाऱ्यालाच ओशाळं व्हावं.

ही मतं यायची कुठून? बेगम बाजारातून! तिथल्या एका किराणेवाल्याकडे विलायती मासिकांची रद्दी यायची आणि तो तिच्यात जिरं बांधून द्यायचा. एकदा पुडी सोडली तर आतल्या कागदावर कुण्या स्विस माणसाचा लेख. चाळीस वर्षं डोंगर चढलेला माणूस शेवटी सांगतो, 'माझ्या मते जगातला सर्वांत सुंदर पर्वत निःसंशय', आणि तिथं कागद फाटलेला. डोंगरसाब तसेच उलट पावली बाजारात. पुढचं पान हवं म्हटलं असतं तर वाण्यानं वेड्यात काढलं असतं, म्हणून पुन्हा पावशेर जिरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं तीन आठवडे चाललं. पान काही मिळालं नाही, पण त्यांच्या घरी डबे, बरण्या, पाण्याची कळशी, सगळं जिऱ्यानं भरलं. काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आम्हाला जिऱ्याचं सार पाजत म्हणायच्या, "घ्या हो आणखी. घरात हिमालय झालाय, तो उपसायचाय."

पण काम त्यांनी शिकवावं. एकदा मी हौसेनं एक बर्फाचं शिखर काढलं आणि पांढरा रंग लावायला गेलो, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. "अरे, बर्फ रंगवायचा नसतो, सोडायचा असतो! कडेनं सावली द्या, बाकी कागद. कागदाहून पांढरं तुम्ही काय आणणार?"

मग देश स्वतंत्र झाला आणि आम्ही राहिलो बाहेर. संस्थानाचं पुढं काय, कुणाला ठाऊक नव्हतं. ज्याला त्याला धास्ती. शेजारची घरं कुलूप लावून सोलापूरकडे गेली, दफ्तरात माणसं हळू बोलू लागली. अशा दिवसांत एका सकाळी डोंगरसाब सुतकी चेहऱ्यानं आले. मला वाटलं, घरात काही बरंवाईट झालं. तर म्हणाले, "भाऊसाब, माझा हिमालय परदेशात गेला हो!" मी हसलो. आज त्याची लाज वाटते. कारण त्याच महिन्यात डॉक्टरनं त्यांना मोतीबिंदू सांगितला होता आणि ते कुणाला बोलले नव्हते. आयुष्यभर बर्फाचे डोंगर कागदावर काढलेल्या माणसाला एक तरी डोंगर डोळ्यांनी बघायचा होता. डोळे चालले होते आणि वाट बंद होती.

वर्षभरानं फौजा आल्या, चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. गावात भीतीही होती, आनंदही होता. लोक म्हणत होते, हैदराबाद हिंदुस्थानात गेलं. डोंगरसाब जिलेबीचा पुडा घेऊन मेजामेजाशी फिरत सांगत होते, "हिमालय हैदराबादेत आला! मुँह मीठा करो!"

पाठोपाठ उत्तरेकडून नवे साहेब आले. कुणाला ठेवायचं, कुणाला घरी बसवायचं, ते ठरवणार होते. आम्ही सगळे सनदा, दाखले छातीशी धरून दाराबाहेर उभे. तेवढ्यात शिपायानं बातमी आणली, की साहेब ऐन हिमालयात चढून आलेले आहेत. झालं! डोंगरसाबांनी दाखले माझ्या हातात कोंबले आणि रजिस्टर काखेत मारून आत गेले. मी दाराला कान लावला.

"कितने साल की नौकरी?" साहेबांनी विचारलं.

"ते कागदात आहे साहेब. आप चढे हैं, ऐसा सुना. दुनिया का सबसे खूबसूरत पहाड़ कौन सा?"

मग साहेब मोठ्यानं हसले. म्हणाले, "बड़े मियाँ, पहाड़ किसने देखा? दिन भर आगे वाले के जूते देखे. हर जूते में सत्रह कीलें थीं. पहाड़ देखना हो तो नीचे कुर्सी डालकर बैठो."

डोंगरसाब बाहेर आले ते पांढरेफटक. नोकरी शाबूत होती, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. "वीस वर्षं पाण्यात," एवढंच बोलले. तीन दिवस त्यांनी ब्रश उचलला नाही. आम्हाला चैन पडेना. त्यांच्यासमोर मुद्दाम "वा, काय तो हिमालय!" असं म्हणून पाहिलं, तरी हूं की चूं नाही.

चौथ्या दिवशी आले ते ताडताड. रजिस्टर उघडलं, पट्टी लावून 'चढला का' हा रकाना खोडला आणि वर लिहिलं, 'पाहिला का'. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देखे क्या?"

"नाही," मी म्हणालो.

"मीही नाही. रजेचा अर्ज लिहा."

त्या हिवाळ्यात चार गाड्या बदलत दोघं दार्जिलिंगला गेली. काकूंनी दोन गोधड्या घेतल्या आणि अर्थातच जिरं घेतलं. पंधरा दिवसांनी दफ्तराच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं: 'आठ दिवस धुके. नवव्या दिवशी सकाळी कांचनजंगा पाहिला. अभिप्राय मागाहून सादर करतो.'

परत आले, तरी तेच. आम्ही हात धुऊन मागं लागलो. "चालू आहे, घाई करू नका," म्हणायचे आणि स्वतःशीच हसायचे. मी वैतागून एकदा बोललोसुद्धा, "वीस वर्षं जगाची मतं जमवलीत, आणि स्वतःचं एक सांगवत नाही?" त्यावरही हसले. उन्हाळ्यात तापाचं निमित्त झालं, आणि चार दिवसांत गेले. फार वाईट वाटलं मला. अजून वाटतं.

तेराव्यानंतर काकूंनी मला बोलावून रजिस्टर पुढ्यात ठेवलं. शेवटच्या नोंदीत नाव त्यांचं. डोंगर, कांचनजंगा. पाहिला का, होय. अभिप्राय, पान उलटून पाहावे. मी पान उलटलं. अख्खं पान कोरं.

"काकू, लिहायचं राहूनच गेलं हो त्यांचं," मी म्हणालो.

काकूंनी पान खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं. तेव्हा दिसलं. कडेकडेनं करड्या शाईची अगदी विरळ सावली, खाली एका दरीची पुसटशी रेघ. बाकी सगळा कागद सोडलेला.

मी बराच वेळ बघत राहिलो. पण जित्याची खोड कुठं जाते? आम्ही नकाशे काढणारी माणसं. तोंडातून निघून गेलं, "सावली जरा कमीच पडली, नाही?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"तुम्ही पाहिलाय का?"

"नाही."

"मी पाहिलाय. त्यांच्या शेजारी बसून पाहिलाय, चहा पार गार होईस्तोवर. तेव्हा गप बसा. असाच होता."