साडूचा राजीनामा

माझा साडू गुजराती फार छान बोलायचा. तेवढ्यावरूनच तो माझ्या डोक्यात गेला होता. माझी बायको थोरली, त्याची धाकटी, दोघी सख्ख्या बहिणी. धुळ्याकडून सुरतेला आलो ते उधन्यात शेजारच्या गल्ल्यांत राहिलो आणि जवळच्या सचिन गावातल्या एकाच मिलमध्ये लागलो. तिथं कापड रंगवायचं काम चालायचं. मी कापड सुकवणाऱ्या स्टेंटर मशीनवर, भट्टीसारख्या उकाड्यात. तो फोल्डिंग खात्यात, पंख्याखाली. संध्याकाळी त्याच्या शर्टाची इस्त्री जशीच्या तशी असायची, आणि ती माझ्या बायकोला बरोबर दिसायची. सासऱ्यांनी एका दिवाळीला दोघांना एकाच ताग्यातलं कापड दिलं. त्याच्या अंगावर ते साहेबाचं दिसलं, माझ्या अंगावर शाळेतल्या शिपायाचं.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं होती. आठवड्याला एक सुट्टी हवी म्हणून आम्ही काही जणांनी मशीनं बंद केली. शेठनं आम्हाला कामावरून काढलं, म्हणून सगळ्या मिलनं काम थांबवलं. पुढे शेठ सुट्टी द्यायला कबूल झाला, पण मशीनं बंद करणाऱ्यांना परत घेणार नाही यावर अडून बसला. लोक म्हणाले, घ्याल तर सगळ्यांना घ्या. कामगार खात्याच्या साहेबानं दोन्ही बाजूंना नानपुऱ्यातल्या कचेरीत बोलावून बोलावून पाहिलं. शेठ हलेना, लोक हलेनात.

कचेरीत कुणी बोलायचं हे ठरवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी माझ्या साडूचं नाव घेतलं. गुजराती चांगली, शर्ट चांगला. त्याच्याबरोबर उत्तर प्रदेशातला एक जण दिला, तिकडच्या लोकांच्या वतीनं. म्हणजे नोकरी गेलेली माझी, पोरं माझी, आणि माझ्या पोटापाण्याचं बोलणार कोण, तर हा. मी गेटवर उन्हात बसायचो आणि हा साहेबाच्या पुढ्यात खुर्चीवर. घरी बायको म्हणायची, ‘बघा, तुमच्यासाठी किती पळापळ करतोय तो.’ मी ताट सारून उठायचो. त्याच्या धावपळीवर जगायचं हे मला नोकरी गेल्यापेक्षा जास्त लागत होतं.

शेवटी साहेबानंच मार्ग काढला. आमचा प्रश्न सरकारी लवादाकडे द्यायचा, तो जो निवाडा देईल तो दोघांनी मानायचा, आणि मानू असं आधीच लिहून द्यायचं. त्या दिवशी साडू आणि तो भैय्या सह्या करायला गेले. आम्ही सगळे गेटवर वाट बघत बसलो होतो. दुपारी रिक्षा आली. भैय्या आधी उतरला आणि हात वर करून म्हणाला, ‘राजीनामा हो गया. दोनों तरफ से दस्तखत हो गए.’

गेटवरचा एक म्हातारा कामगार म्हणाला, ‘आपले इकी टाकं त्यानी.’ झालं, सगळे उठले. साडूनं आपल्याला विकलं, राजीनामा लिहून दिला, आपल्या सगळ्यांच्या वतीनं दिला, शेठचे पैसे खाल्ले, अशी एकाहून एक बोलणी उठली. एक चप्पल रिक्षाच्या टपावर येऊन पडली. लोक कशानं भडकले हे भैय्याला कळेना. साडू आत बसल्या बसल्या काहीतरी सांगत होता. गुजरातीत गोड बोलणारा त्याचा आवाज त्या गलक्यात कुणाला ऐकूच येईना. त्याला बाहेर ओढताना त्याचा निळा शर्ट खांद्यावर फाटला.

मला तो फाटलेला बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? इतके दिवस ज्याला सगळे डोक्यावर घेत होते, त्याला आता तेच खाली ओढत होते.

पण मला पेढा आठवला. स्टेंटरवर माझ्या जोडीला दुसराच एक भैय्या होता. गावी त्याचं भावाशी जमिनीवरून भांडण होतं. एक दिवस तो पेढे घेऊन आला आणि म्हणाला, ‘भाई से राजीनामा हो गया.’ मी पेढा हातात धरून बघत राहिलो, की भावाचा राजीनामा म्हणजे काय आणि त्याचे पेढे कसले. मग त्यानं समजावलं होतं की त्यांच्याकडे राजीनामा म्हणजे समेट, दोघं राजी झाले असं लिहिलेला कागद. आपल्याकडे नोकरी सोडताना देतात तो नव्हे.

लोक त्या कागदासाठी साडूच्या खिशाला झोंबत होते. तो फाटला असता तर लवाद नाही, आणि लवाद नाही तर माझी नोकरी नाही. मी पाण्याच्या टाकीवर चढलो. स्टेंटरच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा गळा तयार झालेला होता.

‘थांबा,’ मी ओरडलो. ‘हाऊ आपला राजीनामा नही. भय्यासना राजीनामा म्हंजे समझोता शे.’

ओरडणं थांबलं. भैय्या मान हलवत ‘हाँ, हाँ, समझौता’ म्हणाला. कागद उघडून वाचला गेला, आणि मग त्याच लोकांनी साडूला खांद्यावर घेतलं. गुलाल कुठून आला कोण जाणे. मी टाकीवरून एकटाच खाली उतरलो. घरी बायकोनं विचारलं, ‘त्याला फार लागलं का हो?’

निवाडा यायला बरेच महिने गेले. आला तेव्हा आम्हा सगळ्यांना कामावर घ्यायचं ठरलं होतं. त्या संध्याकाळी मी आणि साडू नानपुऱ्याहून बसनं परत येत होतो. मी आभार मानायचे म्हणून तोंड उघडत होतो आणि मिटत होतो. त्याच्या अंगात तोच निळा शर्ट होता, खांद्यावर बारीक शिवण घातलेला. तो खिडकीतून बाहेर बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘साडूभाऊ, त्या दिनपासून मनी बायको रोज तुमनं नाव लेस. म्हनस, बोलनं व्हई त दाजीसारखं बोला. खरं सांगू, माले तुमना हेवा वाटस.’

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. उधना दरवाजा येईपर्यंत मी तो चघळत होतो. मग लक्षात आलं की इतकी वर्षं जे माझ्या घशात अडकून होतं, ते त्यानं बसमध्ये बसून एका दमात बोलून टाकलं होतं. मी त्याच्या तिकिटाचे पैसे काढले. ते तर त्यानं आधीच दिले होते.