चहा न देणाऱ्या मॅडम

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीपर्यंत जेवढं आलं तेवढंच. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण गिरिजा मॅडम कशा होत्या ते कुठंतरी असावं असं वाटलं.

त्या चहा देत नसत. आमच्या हुबळीत कुणाच्या घरात पाय ठेवला की आधी चहा, मग बोलणं. देशपांडे नगरातल्या त्यांच्या खोलीत मात्र पाण्याचा तांब्या आणि भांडं, एवढंच. ओळख झाल्यावर मी एकदा कारण विचारलं. त्या म्हणाल्या, "चहा दिला की तुम्ही पाहुण्या होता, रेणुकाक्का. पाहुणी बाई खरं बोलत नाही. सगळं बरं आहे म्हणते, कप ठेवते आणि जाते." आमचं बोलणं कन्नडमधून चालायचं. इथं मी ते मराठीत लिहिते.

मॅडम मनाच्या दुखण्याचं बघायच्या. मला तिथं पाठवलं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी. दुसऱ्या खेपेला मला मुलगा झाला, तो गेलेलाच झाला. त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही, भूक नाही. खानावळीत भाकऱ्या थापायला जात होते, थापत होते. एकदा माझी मुलगी शीतल शाळेतून गुडघा फोडून आली. मी तो धुतला, हळद लावली. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू माझ्यावर रुसलीस काय?" मी नाही म्हटलं. ते दुसरीच कुणी बाई बोलल्यासारखं वाटलं.

कलघटगीच्या माझ्या नणंदेनं हे पाहिलं. पोरीचे हाल होतात, मी तिला नेते, शाळेत तिकडंच घालते, असं ती म्हणाली. नवरा म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघू." म्हणजे मी सुधारले नाही तर शीतल जाणार. मला त्याचंही काही वाटलं नाही. वाटलं नाही, याची मात्र भीती वाटली. म्हणून मी मॅडमकडे गेले.

पहिल्या दिवशी उपाशी गेले. दवाखाना म्हणजे रक्त काढणार. पिशवीत जुन्या गोळ्या आणि सोनोग्राफीचे कागद. मी विचारलं, "रक्त कुठं काढता?" मॅडम म्हणाल्या, "इथं रक्त नाही काढत हो. खाली जा, इडली खाऊन या. उपाशी बाईला मी काय विचारू?"

खाऊन आले तेव्हा त्यांनी सांगितलं, आठवड्यातून एकदा यायचं, पाऊण तास बसायचं. "इथलं बोलणं या दाराबाहेर जाणार नाही. तुमच्या नवऱ्यानं विचारलं तरी नाही. फक्त जीव द्यावा असं वाटायला लागलं तर मला सांगायचं. तेव्हा मी गप्प बसणार नाही, घरच्यांना कळवणार. हे आधीच सांगून ठेवते. गोळ्या मी देत नाही. हे करा, ते करा, असंही सांगत नाही." मी खाली बघत होते. त्या म्हणाल्या, "मग ही बाई देते तरी काय, असं मनात आलं ना?"

"नाही ओ," मी म्हटलं.

"आलं असलं तरी चालतंय की."

त्या बोलतील आणि मी ऐकेन असं मला वाटलं होतं. त्या गप्प बसायच्या. मी पदराचं टोक पिळत बसायची. कसं आहे विचारलं की म्हणायची, "आरामरी," म्हणजे बरं आहे. हुबळीत ताप असला तरी माणसं तेच म्हणतात. मॅडम म्हणायच्या, "ते आराम चपलांजवळ ठेवून येत जा." घरी नवरा म्हणायचा, "नुसतं बोलून काय होतंय? बोलायला मी नाही काय?" हे मी मॅडमना सांगितलं.

"मग त्यांच्याशी बोलता?"

"नाही."

"का?"

"ते टीव्ही बघतात."

मॅडमना डोळ्यांत पाणी येईतो हसू आलं. मला आलं नाही. त्यांनी त्याचं वाईट वाटून घेतलं नाही.

मग एकदा मी बाळंतपणाचं सगळं सांगितलं. जोंधळ्याचा भाव सांगावा तसं. मॅडमनी चष्मा काढला. "पोटात होतं तेव्हा त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलत होता?"

"मराठीत."

"मग मराठीत सांगा."

"तुम्हाला कळायचं नाही."

"अर्धं कळेल. माझी सासू बेळगावची. तिच्या शिव्या ऐकून शिकले आहे."

मी सुरुवात केली. "माझं बाळ," एवढं म्हटलं आणि पुढं जाता येईना. मराठी फक्त घरात; बाजार, बस, खानावळ, सगळीकडं मी कन्नड बोलते. कन्नडमध्ये ते कुणाचंही मूल होतं. मराठीत ते माझं झालं. रडू आलं नाही. मॅडम रडा म्हणाल्या नाहीत, रडू नका असंही म्हणाल्या नाहीत. तांब्या माझ्याकडे सरकवला. निघताना म्हणाल्या, "आता काही दिवस जास्त जड जातील. बधिर हात जागा होताना मुंग्या येतात ना, तसं. तेव्हा घाबरून येणं सोडू नका."

मी घाबरले आणि एक आठवडा गेलेच नाही. पुढच्या वेळी गेले तर त्या फक्त म्हणाल्या, "आलात. बसा."

दिवाळीच्या आधी नणंद पिशवी घेऊन आली. "पोरीचे कपडे भर," म्हणाली. तिच्यापुढं मी कधी तोंड उघडत नसे. मी म्हटलं, "अक्का, मी अजून बरी झाले नाही. पण शीतल इथंच राहील."

"बोलायला शिकवलं वाटतं त्या बाईनं!"

"हो," मी म्हटलं.

नवऱ्यानं बहिणीच्या हातातली रिकामी पिशवी घेतली, खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "अक्का, जेवून जा."

उन्हाळ्यात मॅडमच्या यजमानांची बदली म्हैसूरला झाली. मॅडमनी ते मला बरंच आधी सांगितलं. मला सोडून जाणारं माणूस आधी सांगून जातंय, असं पहिल्यांदाच झालं. पुढं कुणाकडे जायचं तेही त्यांनी सांगितलं. शेवटच्या दिवशी त्यांनी विचारलं, "मुलगी काय म्हणते?"

"सकाळी माझ्याशी भांडली. वेणी घट्ट घातली, दुखतंय म्हणून ओरडली."

"मग?"

"मी पण ओरडले. मग सोडून सैल घातली."

"छान," मॅडम म्हणाल्या. घड्याळ बघून त्या उठल्या, दार उघडलं आणि बाहेर बसलेल्या बाईला आत बोलावलं. तिच्या हातात सोनोग्राफीच्या कागदांची पिशवी होती. मी तिला म्हटलं, "खाऊन आलात ना?"