पेवात सोडलेला दिवा

माती भरलेलं मशीन पेवाच्या तोंडाशी आलं आणि मी आडवा उभा राहिलो. पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. त्याच्यावरून आता रस्ता जाणार.

"तात्या, सरका बाजूला! जीव द्यायलात का?" सरपंच ओरडला.

"दम धर. आधी आत दिवा सोडू दे."

गोदाला, माझ्या बायकोला, लहानपणी याच पेवात लपवलं होतं. ती सांगायची, रझाकार वेशीत शिरले होते. पण बंद पेवातली हवा खराब असते, माणूस गुदमरतं. म्हणून आधी दोरीनं दिवा सोडायचा, विझला तर उतरायचं नाही. घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या आणि तिची आई दिव्याकडं बघत उभी होती. दिवा टिकला, तेव्हाच पोरीला आत सोडलं.

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी चौकात मोठ्या माणसांची नावं घेतात. घ्यावीत, ती मोठीच होती. मला मात्र त्या बाईचं उभं राहणं आठवतं. म्हातारपणीसुद्धा ज्योत हलली की गोदा बोलता बोलता थांबायची. यंदा पोळ्याआधी ती गेली. आता घरात ज्योत हलते, पण थांबणारं कुणी नाही.

मी दोरी सोडली. मशीनवाल्यानं इंजिन बंद केलं. खाली ज्योत बारीक झाली, तसे सगळेच वाकले. मग ती सरळ उभी राहिली.

"जळतोय की, तात्या," सरपंच हळूच म्हणाला.

आजही आत पोरगी वाचली असती. मी दिवा वर ओढून घेतला आणि म्हणालो, "टाक आता माती."